लंबूला कुठे उभं करायचं

सकाळची पाळी संपली की बस डेपोत लावून ताई घरी यायची आणि चपला काढता काढताच विचारायची, "काय म्हणतोय आपला संघ?"

खाटेवरचा धाकटा भाऊ डोळ्यांनीच कॉम्प्युटरकडे खूण करायचा. स्नायूंच्या दुखण्यात त्याचे पाय केव्हाच गेले होते. आता हातांनीही रजा घेतली होती. पण पडद्यावर त्याचा बास्केटबॉलचा संघ होता. खेळाडू खोटे, मैदान खोटं. पलीकडे मात्र कुणीतरी खराखुरा माणूस आपला संघ घेऊन बसलेला. कुणी कुठे उभं राहायचं ते मालकाने ठरवायचं, खेळायचं काम कॉम्प्युटरचं. हल्ली तो सांगायचा आणि ताई माउस हलवायची.

त्या दुपारी उपांत्य सामना होता आणि मध्यंतरालाच ते सपाटून मागे पडले होते.

"फुल कोर्ट प्रेस लाव," श्वासाच्या यंत्राच्या मास्कमधून तो म्हणाला. म्हणजे मागे हटायचंच नाही. समोरच्यांना त्यांच्याच बास्केटपाशी गाठून चेंडू पुढे आणू द्यायचा नाही.

"आणि लंबू?" लंबू म्हणजे संघातला सगळ्यात उंच गडी.

"पुढे. मैदानाबाहेरून चेंडू आत फेकणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर."

"अरे, मग आपलं बास्केट उघडं पडेल! एक पास निसटला की खेळ खल्लास. मागे ठेवू या त्याला."

"ताई, तू आपली बस चालव."

ती हसली आणि तिने लंबूला पुढे नेऊन सोडलं.

प्रेस जमली. समोरच्यांची भंबेरी उडाली, चेंडू हातातून सुटू लागले, गुणांचा फरक भराभर कमी झाला. शेवटच्या विश्रांतीला ताईने वळून पाहिलं, तर हा झोपलेला. पडद्यावर लंबूची दमाची पट्टी लाल झाली होती, म्हणजे गडी पार थकला होता. उठवावं का? कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास एका लयीत चालला होता. तिच्याने उठवेना. तिने स्वतःच्या मनाने लंबूला मागे, बास्केटखाली घेतलं.

चेंडू फेकणाऱ्याला समोर कुणी अडवायलाच उरलं नाही. लांब लांब पास आरामात जाऊ लागले. भावाचा संघ थोडक्यात हरला.

तो जागा झाल्यावर तिने सगळं खरं सांगितलं.

"मला उठवायचं नाही का?"

"गाढ झोप लागली होती रे तुला."

"झोप काय, पुढे मिळेलच की."

ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

नवा हंगाम सुरू व्हायच्या आतच तो गेला. श्वासाचं यंत्र परत गेलं, खाट भिंतीला लागली. एके दिवशी डेपोतून आल्यावर, युनिफॉर्म न बदलताच ताईने कॉम्प्युटर लावला. सामना होता. तिने प्रेस लावली, लंबूला पुढे केलं. तरी ते हरलेच, चांगले दणकून.

पलीकडच्या मालकाचा निरोप आला : "बऱ्याच दिवसांनी दिसलात. बरे आहात ना?"

तिने लिहिलं, "मी त्याची बहीण. तो गेला."

मग एक ओळ आली : "त्याच्या प्रेसने मला फार छळलंय हो."

आणि स्मशानातही न रडलेली ताई बाहीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडली.