डावा हात वर करा

मित्रांनो, मी खुर्ची आहे. पण माझ्यावर हौसेने बसायला कोणी येत नसे. जे आले ते गाल धरूनच आले. मी दातांच्या डॉक्टरांची खुर्ची. आता म्हातारी झाले आहे, अंगावरचं रेक्झिन उसवलं आहे आणि जपानमधल्या शिकोकु बेटावरच्या एका लहानशा बंदरात, उदोनच्या दुकानाच्या वळचणीला उभी आहे. दुकानात दिवसभर जाड शेवयांवर गरम सार ओतलं जातं आणि त्याची वाफ माझ्या पाठीला लागते. दवाखान्यातली खुर्ची शेवयांच्या दुकानापाशी कशी आली, हे सांगायचं म्हणजे एक न भरलेली जखम सांगायची. तरी सांगते.

माझा जन्म ओसाकाजवळच्या कारखान्यात झाला. फिकट हिरवा रंग, पोटात तेलाचा पंप, पायाशी दाबायची पट्टी. माझा उजवा हात पक्का होता, डावा बिजागरीवर. तो वर उचलला की पेशंट आत सरकणार, मग तो खाली येणार. कारखान्यातला कारागीर तो डावा हात पुन्हा पुन्हा वरखाली करून बघायचा आणि म्हणायचा, "पोरी, बाकी काही बिघडलं तरी चालेल, हा हात अडकू देऊ नकोस." मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

तिथून मी डॉक्टर हामाझाकींच्या दवाखान्यात आले. मोठ्या शहराच्या इस्पितळात जबड्याच्या शस्त्रक्रिया करून ते आपल्या गावी परतले होते. गावात त्यांचा फार मान होता. अक्कलदाढ काढावी तर हामाझाकींनीच, असं आसपासच्या बेटांवरचे लोकही म्हणत. अक्कलदाढेला आमच्याकडे 'आईबापांना ठाऊक नसलेली' म्हणतात. ती उगवते तेव्हा मूल मोठं होऊन आपल्या वाटेने गेलेलं असतं ना, म्हणून.

काम सुरू करण्याआधी डॉक्टर प्रत्येकाला एकच वाक्य सांगत. "दुखलं तर डावा हात वर करा हं. संकोच करू नका." ते स्वतः उजवीकडे बसत, म्हणून डावा हात. आणि मित्रांनो, कोणीही हात वर करत नसे. डॉक्टरांना त्याचा केवढा अभिमान! "माझ्या खुर्चीवर हात वर होत नाही," असं ते पाहुण्यांना सांगत आणि माझी पाठ थोपटत. मीही फुशारून जात असे.

पण मला एक गोष्ट कळायची, जी डॉक्टरांना कळत नव्हती. पेशंटचा डावा हात माझ्या डाव्या हातावर असायचा. तो हात कसा आवळला जातो, बोटं कशी रुततात, तळव्याला कसा घाम फुटतो, हे सगळं मला कळायचं. दुखत नव्हतं असं अजिबात नव्हतं. दुखायचं, चांगलंच दुखायचं. फक्त हात वर होत नव्हता.

बाहेरच्या बाकांवर बायकांचं बोलणं चालायचं ते मला आतपर्यंत ऐकू येई.

"काय गं, तू केलास का हात वर?"

"छे! डॉक्टरांना काय वाटलं असतं? एवढं मन लावून करतात बिचारे."

"माझा तर जीव जायची वेळ आली होती."

"मग?"

"मग काय, पायाचा अंगठा दुमडून घेतला."

आणि सगळ्या खळखळून हसायच्या.

एकदा मात्र एकाने हात वर केला होता. इवाकिची नावाचा कोळी, आवाज मोठा, हात वल्ह्यांनी घट्टे पडलेला. त्याचा तो हात माझ्यावरून उठला, चांगला छातीपर्यंत आला. डॉक्टर तोंडातून नजर न काढता म्हणाले, "झालंच हं, झालंच. आणखी थोडा धीर धरा." काम चालूच राहिलं. हात हळूहळू खाली आला. इवाकिचीने घरी जाऊन हे सांगितलं, घरच्यांनी शेजारी सांगितलं, आणि मग तर हात वर करण्यात काही अर्थ नाही हे गावाला पाठच झालं.

याच इवाकिचीच्या घरचं हे उदोनचं दुकान. तो समुद्रावर जायचा, त्याची बायको तोमे दुकान चालवायची. पुढे इवाकिची वारला. तोमे आजीचे गुडघे गेले, तेव्हा तिने दुकान सुनेच्या हाती दिलं. सुनेचं नाव किनुए. साध्या चेहऱ्याची, कमी बोलणारी बाई. तिची जीभ मात्र अशी होती की तोमे आजीसारखी खवट सासूही गप्प बसावी. सुकवलेल्या बारीक मासळीचं सार रोज पहाटे उकळायचं आणि किनुएने पळीभर घेऊन जिभेच्या उजव्या कडेवर फिरवायचं. मीठ मोजायचं नाही, वजन करायचं नाही. तिने मान हलवली की दुकान उघडायचं. किनुएला दुसरं काही येतं असं कोणी म्हणत नसे, पण तिच्या सारासाठी लोक पलीकडच्या बेटावरून होडीने येत.

अशी ही किनुए शरद ऋतूतल्या जत्रेच्या आधी गाल सुजवून माझ्यासमोर उभी राहिली. बरोबर तोमे आजी होतीच.

"किती दिवस लपवलंत?" डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून विचारलं. "उजवीकडची खालची दाढ पार आडवी झोपली आहे."

"फार नाही, डॉक्टर," किनुए पुटपुटली.

"फार नाही म्हणे!" तोमे आजी म्हणाली. "एका बाजूने चावते ते काय मला दिसत नाही? आईबापांना ठाऊक नसलेली दाढ, मग सासूला तरी कशाला सांगेल!"

आजी बाहेर बाकावर जाऊन बसली. माझा डावा हात वर झाला, किनुए आत सरकली, हात खाली आला. भुलीचं इंजेक्शन झालं. नर्स ओकानो-सान, म्हणजे ओकानोबाई, उजेड धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. किनुएने डोळ्यांनीच हो म्हटलं.

हिरडी कापली गेली. दाढ आडवी होती, म्हणून तिचे तुकडे करायला यंत्र सुरू झालं. बराच वेळ किनुएचा हात शांत होता. मग यंत्र दाढेच्या आतल्या अंगाला, जिभेच्या बाजूला गेलं आणि तिच्या शरीरातून एक कळ अशी गेली की मला ती पाठीपर्यंत जाणवली. तिची नखं माझ्या रेक्झिनमध्ये शिरली. फाटल्याचा आवाजही आला, पण यंत्राच्या आवाजात तो कोणाला ऐकू जाणार? तिचं एक बोट वर उठलं. मग दुसरं. मनगट सुटलं.

मी मनातल्या मनात ओरडत होते, कर, वर कर!

डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. ओकानो-साननी तो टिपला. बाहेर तोमे आजीचा खोकला ऐकू आला, आणखी कोणीतरी खोळंबल्याची कुजबुज ऐकू आली. किनुएची बोटं एकेक करून खाली आली आणि माझ्यावर पुन्हा घट्ट बसली.

"झालं!" थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले. "एकदाही हात वर केला नाहीत. शाब्बास!"

किनुए उठली, कापूस चावत तिने डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि सुजलेल्या तोंडाने आभार मानले. माझ्या फाटलेल्या हातावर ओकानो-साननी हिरवी चिकटपट्टी लावली. ती पट्टी अजून आहे.

टाके काढायला किनुए आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" ती म्हणाली, "काही नाही, सगळं छान आहे." तिचा हात माझ्यावर होता आणि तो थंडगार होता.

जत्रा झाली, थंडी आली, प्लमच्या झाडांना कळ्या आल्या. मग एका सकाळी दाराशी काठीचा ठकठक आवाज झाला. तोमे आजी सुनेला मनगटाला धरून आत ओढत होती.

"डॉक्टर, हिची जीभ बघा. काल मी दुकानातलं सार चाखलं. त्यापेक्षा समुद्राचं पाणी परवडलं!"

"गिऱ्हाईक काही बोललं नाही?"

"गिऱ्हाईक कधी बोलतं का? वाटी रिकामी करतं, फार छान झालं होतं म्हणतं, वाकून नमस्कार करतं, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात जाऊन बसतं!"

डॉक्टरांनी किनुएला माझ्यावर बसवलं. कापसाने मिठाचं पाणी जिभेच्या डाव्या कडेला लावलं. ती म्हणाली, खारट. उजव्या कडेला लावलं. ती गप्प. साखरेचं पाणी लावलं. गप्पच. टाचणीचं टोक हळूच टेकवलं, तरी तिला कळलं नाही.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांचा आवाज बदलला होता.

"त्याच दिवसापासून," किनुए म्हणाली. "यंत्र चालू असताना जिभेतून वीज गेल्यासारखी वाटली. मला वाटलं, भूल आहे, उतरेल. डावी कड म्हणते मीठ बरोबर आहे, उजवी काही बोलतच नाही. मग घाबरून मी आणखी चिमूटभर टाकते."

"अहो, मग त्याच वेळी हात का नाही वर केलात? मी थांबलो असतो! नंतर तरी सांगायचं. लगेच शहरातल्या इस्पितळात पाठवलं असतं, काही करता आलं असतं."

किनुएने मान खाली घातली. "तुम्हाला घाम आला होता, डॉक्टर. तुम्ही इतकं मन लावून करत होतात."

डॉक्टर काही बोलणार तोच तोमे आजीने काठी जमिनीवर आपटली.

"थांबला असतात? माझ्या नवऱ्याने केला होता वर. इथेच, याच खुर्चीत. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? झालंच, झालंच!"

डॉक्टर आपल्या गोल स्टुलावर बसले. मग उठून त्यांनी किनुएसमोर कमरेतून वाकून माफी मागितली आणि ती बिचारी उलट त्यांच्याहून खाली वाकून म्हणत राहिली, "नाही नाही, माझंच चुकलं."

शहराच्या इस्पितळात तिला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं, औषधं दिली. पण फार उशीर झाला होता. उजव्या कडेची चव परत आली नाही. रोज पहाटे तोमे आजी दुखऱ्या गुडघ्यांनी उठून बसू लागली आणि किनुए पळी तिच्यापुढे धरून तिच्या तोंडाकडे बघत उभी राहू लागली. इतकी वर्षं लोक जिची मान हलायची वाट बघत, ती आता दुसऱ्याच्या मानेकडे बघत होती. याहून मोठी शिक्षा मला तरी माहीत नाही.

दवाखान्यात एक बदल झाला. डॉक्टरांनी ते नेहमीचं वाक्य म्हणणं सोडलं. ओकानो-सान प्रत्येक पेशंटचा डावा हात आपल्या हातात घेऊन बसू लागल्या. तो आवळला गेला की त्या म्हणत, "डॉक्टर, थांबा," आणि डॉक्टर थांबत. एवढं सोपं होतं, मित्रांनो. माझ्या हाताला जे पहिल्या दिवसापासून कळत होतं, ते माणसाच्या हातालाही कळू शकत होतं. हे आधी कोणाला सुचलं असतं तर! मला मात्र बोलता येत नव्हतं.

तोमे आजी गेली तेव्हा डॉक्टरही थकले होते. त्यांनी दवाखाना बंद केला. सामान न्यायला भंगाराची गाडी आली. सगळं चढलं, मला मात्र डॉक्टरांनी अडवून ठेवलं आणि दोन माणसांच्या खांद्यावरून इथे, या वळचणीला आणून बसवलं.

"किनुए-सान," ते म्हणाले, "आता सार चाखायला घरात कोणी नाही. माझी जीभ तुमच्याइतकी तयार नाही, पण खारट-अळणी कळतं. रोज पहाटे येत जाईन. खोटं बोलणार नाही."

किनुएने त्यांना माझ्यावर बसवलं, हातात वाटी दिली आणि ती एप्रनला हात पुसत म्हणाली, "डॉक्टर, खारट झालं तर डावा हात वर करा हं. संकोच करू नका."

ती हे चेष्टेने म्हणाली की नाही, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घोट घेतला आणि डावा हात वर केला. ती आत गेली आणि सारात पाणी घालून आली.

बरीच वर्षं असं चाललं. हात वर झाला की सार पुन्हा जुळवायचं, हात माझ्यावर राहिला की दुकान उघडायचं. गिऱ्हाईक परत आलं. जुन्या लोकांना ती जुनी चव मिळाली नाही, पण कोणी समोरच्या दुकानात गेलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यातली ती पहाट. डॉक्टरांनी घोट घेतला आणि त्यांचा हात माझ्यावर नुसता पडून राहिला. दुसरा घोट घेतला. एक बोट उठलं. मग दुसरं. मग दोन्ही खाली आली आणि माझ्यावर घट्ट बसली. मित्रांनो, हे मी आधी एकदा पाहिलं होतं. तसंच उठून खाली आलेलं बोट, तीच हिरवी पट्टी.

"कसं झालंय?" किनुएने विचारलं.

"छान..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. त्यांनी पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. मग डावा हात उचलला, खांद्याच्या वर, अगदी शाळेतल्या मुलासारखा.

"किनुए-सान, मला काहीच कळत नाही. काल पण कळलं नव्हतं. परवा पण नाही. वयाने जीभ गेली माझी."

किनुएने वाटी त्यांच्या हातातून घेतली. ती रागावली नाही. रडली मात्र, आणि रडत रडतच म्हणाली, "सांगितलंत ते फार बरं केलंत." मग ती दुकानाच्या दारात गेली, पहिलं गिऱ्हाईक दिसताच तिने त्याला हाक मारली आणि ती म्हणाली, "अहो, जरा चाखून खरं सांगता का? मला चव कळत नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य तिने कोणापाशी उच्चारलं नव्हतं.

त्या पहाटे डॉक्टर उठताना माझा डावा हात वर करून गेले. पुन्हा ते आले नाहीत. प्लम फुलायच्या आधीच गेले. समुद्राच्या वाऱ्याने माझी बिजागरी गंजली आणि तो हात वरच अडकला. येणारे-जाणारे म्हणतात, खुर्ची मोडली, टाकून द्या. किनुए टाकू देत नाही, आणि हात खालीही करू देत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. दुखलं तर हात वर करा. आणि कोणी तुमच्यासमोर हात वर केला, तर "झालंच" म्हणू नका. थांबा.