कुंपणाच्या आधीचा विषय

रविवारच्या बैठकीपुढे दोन विषय होते. पहिला, अनुयानं एमबीए करावं की करू नये. दुसरा, शेजारच्या आणि आपल्या बागेमधलं मोडकळीला आलेलं कुंपण. अनुयाचा विषय आधी घ्यायचा असं डॉ. श्रीकांत परचुरे यांनी ठरवलं, कारण कुंपणाला वेळ लागणार होता.

लंडनच्या उत्तर टोकाला, एजवेअरमधल्या या घरात मोठे निर्णय असेच होत आले. श्रीकांतरावांचं सगळं आयुष्य इथल्या इस्पितळांत भूल देण्यात गेलं. तिथं अवघड पेशंट आला की एमडीटी भरायची, म्हणजे सर्जन, रेडिऑलॉजिस्ट, नर्स वगैरे मंडळी एका टेबलाभोवती बसायची आणि त्या पेशंटचं काय करायचं ते ठरवायची. श्रीकांतरावांना ही पद्धत इतकी पटली की त्यांनी ती घरीही सुरू केली. बॉयलर बदलायचं एमडीटीत ठरलं. पत्नी सुलक्षणाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन एमडीटीत ठरलं. मुलगा अंबरीश रेडिऑलॉजीला गेला तोही एमडीटीच्या तीन बैठका झाल्यावर. नियम एकच होता. पेशंट बैठकीला हजर नसतो. इस्पितळातही नसतो. अंबरीशला तेव्हा वरच्या खोलीत बसवलं होतं आणि सुलक्षणाबाई आपल्या गुडघ्याच्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. बॉयलर तर गॅरेजमध्येच होता.

त्यामुळे त्यांची तेहतीस वर्षांची मुलगी अनुया चहाचा कप आणि थालीपीठ घेऊन कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे बागेकडच्या काचेच्या खोलीत, बसली होती, काचेच्या दाराच्या पलीकडे. सकाळी ती बेसिंगस्टोकहून गाडी चालवत आली आणि वाद न घालता तिकडे जाऊन बसली. श्रीकांतरावांना याचं जरा नवल वाटलं. लहानपणी तिला इंजेक्शन द्यायचं म्हणजे दोन माणसं लागत.

टेबलाशी चौघं डॉक्टर होते. अध्यक्षस्थानी अर्थात श्रीकांतराव. शेजारी सुलक्षणाबाई, या निवृत्त जीपी. समोर सुलक्षणाबाईंचा धाकटा भाऊ राजीव, मेडनहेडला राहणारा सर्जन. तो मोबाइलमध्ये कुंपणाचे फोटो काढून तयारीनिशी बसला होता. अंबरीश न्यूकासलहून लॅपटॉपवर आला होता, आणि लॅपटॉप लोणच्याच्या बरणीला टेकवला होता.

राजीव आणि श्रीकांतराव यांनी काही वर्षं एकाच इस्पितळात काम केलं होतं. एकाच टेबलावर, एकाच पेशंटवर. नाताळ आला की राजीवला पेशंटांकडून वाइनच्या बाटल्या येत, चॉकलेटं येत, लांबलचक पत्रं येत. श्रीकांतरावांना एकदा एक कार्ड आलं होतं. ते राजीवसाठी होतं, चुकून त्यांच्या खणात पडलं. याबद्दल ते कधीच बोलले नाहीत, पण विसरलेही नव्हते.

“तेहतीस वर्षांची महिला,” श्रीकांतरावांनी सुरुवात केली. “अविवाहित. पास्ट हिस्टरी, भूगोलाची पदवी.”

भूगोलाला आता बरीच वर्षं झाली होती. त्या वेळी एमडीटी भरलीच नव्हती, केस हाताबाहेर गेली आहे असंच सगळे धरून चालले होते.

“सध्याची तक्रार?” राजीवनं विचारलं.

“एमबीएला अ‍ॅडमिशन मिळालीये. लंडनला. पार्ट-टाइम, दोन वर्षं. हो की नाही ते उद्यापर्यंत कळवायचंय.”

“यात नापास किती होतात?”

अंबरीशनं पलीकडे काहीतरी शोधलं. “प्रॅक्टिकली कोणीच नाही, मामा.”

“मग परीक्षा घेतात कशाला?” राजीव म्हणाला. तो स्वतः फेलोशिपच्या परीक्षेत दोनदा आपटला होता आणि त्याचा त्याला पास होण्यापेक्षा जास्त अभिमान होता. “आमच्या हॉस्पिटलच्या मॅनेजरनं केलं एमबीए. परत आला तो सगळ्यांना स्टेकहोल्डर्स म्हणायला लागला. पेशंट स्टेकहोल्डर, मी स्टेकहोल्डर, पार्किंगवाला स्टेकहोल्डर. त्याआधी बरा माणूस होता.”

“पण नंतर तो डायरेक्टर झाला ना?” सुलक्षणाबाईंनी आठवण करून दिली.

“झाला ना. तेच सांगतोय.”

सुलक्षणाबाईंना दुष्परिणामांची काळजी होती. “अहो, दोन वर्षं तिचे वीकेंड जाणार. नोकरी करून अभ्यास. झोप कधी घेणार, जेवणार काय? सँडविच खाऊन राहील. आणि लग्नाचं तर मी बोलतच नाहीये.” एवढं बोलून त्या त्याबद्दल बोलायच्या थांबल्या.

“अंबरीश, तुझं मत?”

“बेनिफिट असू शकतो,” अंबरीश म्हणाला. “नसूही शकतो. आय कान्ट रूल इट आउट.” अंबरीश लहानपणापासून असाच बोलायचा. आता त्याचा त्याला पगार मिळत होता.

श्रीकांतरावांचं स्वतःचं मत ‘हो’च्या बाजूला झुकलेलं होतं, पण त्यांनी ते अजून उघड केलं नव्हतं. कारण त्याचं कारण वैद्यकीय नव्हतं. महाराष्ट्र मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, कोणीतरी विचारायचंच, मुलं काय करतात. मंडळातल्या पद्माकर जोगळेकरची मुलगी बॅरिस्टर. अंबरीशचं सांगायला तर काही प्रश्नच नव्हता. मग अनुया? श्रीकांतराव म्हणायचे, “कॉम्प्युटरमध्ये आहे,” आणि बटाटेवड्याकडे वळायचे. एमबीए झालं की निदान काहीतरी सांगता येईल, असं त्यांना वाटत होतं. यात लाज वाटण्यासारखं काही आहे, हे मात्र अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“प्रश्न असा आहे,” राजीव म्हणाला, “की तिच्या कामाला याचा उपयोग होईल का. ऑक्युपेशन काय आहे?”

“कॉम्प्युटरमध्ये आहे.”

“म्हणजे करते काय?”

श्रीकांतरावांनी सुलक्षणाबाईंकडे पाहिलं.

“त्या सुपरमार्केटच्या ऑफिसात आहे ना,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “बेसिंगस्टोकला. दिवसभर कॉम्प्युटरवर काम असतं तिला.”

“मलापण दिवसभर कॉम्प्युटरवर काम असतं, आई,” अंबरीश म्हणाला.

“बरं, मग तुला माहीत आहे ती काय करते?”

अंबरीश इतका स्तब्ध झाला की स्क्रीन अडकली असं सगळ्यांना वाटलं. स्क्रीन अडकली नव्हती.

पेशंट समोर आला की तो काय काम करतो हे आधी विचारायचं, हे वैद्यकीच्या पोराला पहिल्या वर्षी शिकवतात. त्यावरून फुप्फुसं कळतात, पाठ कळते, झोप का येत नाही ते कळतं. चौघांनी मिळून हजारो अनोळखी माणसांना ते विचारलं होतं. श्रीकांतरावांचे कान गरम झाले. ते खुर्ची सरकवून उठले.

“हिस्टरी अपुरी आहे,” ते म्हणाले. “मी पूर्ण करून येतो.”

कॉन्झर्व्हेटरीत अनुया पाय वर घेऊन वेताच्या खुर्चीत बसली होती. श्रीकांतरावांनी समोरचं मोडकं स्टूल ओढलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते पेशंटच्या खाटेशी असेच जाऊन बसत, आणि हलणारे दात आहेत का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, असं काहीबाही विचारत. माणूस किती घाबरलाय ते त्यातून कळायचं. आज घाबरलेलं माणूस स्टुलावर होतं.

“अनु, तू नक्की काय काम करतेस?”

तिनं काचेकडे मान वळवली. “आत विचारतायत?”

“मी विचारतोय.”

“उद्या कुठल्या शॉपमध्ये किती दूध लागणार, ते मी डिसाइड करते. मी आणि माझा टीम. साउथमधले आमचे सगळे शॉप्स.”

“ते आदल्या दिवशी कसं कळतं?”

“कळत नाही. अंदाज करायचा. वेदर बघायचं, शाळेला सुट्टी आहे का बघायचं. ऊन पडलं की लोक चहा कमी पितात. जास्त पाठवला तर दूध फेकावा लागतो, कमी पाठवला तर शेल्फ रिकामा.” इथंच वाढलेल्या अनुयाच्या मराठीत दूध पुल्लिंगी होतं.

“आणि अंदाज बरोबर येतो?”

“एक्झॅक्टली कधीच नाही, बाबा. रोज थोडं चूक असतं. कालपेक्षा कमी चूक झाली की तो चांगला दिवस.”

“मग चांगल्या दिवशी लोक काय म्हणतात?”

“काही नाही,” अनुया म्हणाली. “दूध असला तर कोण काय म्हणणार? नसला की फोन येतात.”

श्रीकांतराव तिच्याकडे बघत राहिले. समोरच्याचं वजन, वय आणि डोळ्यांतली भीती बघून भुलीच्या मात्रेचा अंदाज करायचा. सुई सारायची. मग तासन्‌तास त्याच्या उशाशी बसून तो अंदाज किंचित सुधारत राहायचा. सगळं नीट झालं तर माणूस जागा होतो आणि सर्जनचे आभार मानतो. हे ते कोणाला समजावून सांगायच्या भानगडीत कधी पडले नव्हते, बायकोलासुद्धा नाही. आणि इथं त्यांची मुलगी दुधाबद्दल बोलत होती. त्यांना भरून आलं. बेसावधपणे भरून येणं त्यांना आवडत नसे, म्हणून त्यांनी घाईनं पुढचा प्रश्न विचारला.

“मग एमबीए कशाला हवंय तुला?”

“नको आहे. गुरुवारीच नाही म्हणून ईमेल केला मी त्यांना.”

“गुरुवारी?”

“एक दिवस सॅम्पल लेक्चरला बोलावलं होतं. केस काय दिली माहितीये? सुपरमार्केटमधला दूध संपतो. प्रोफेसर म्हणाला, डिस्कस. सगळे इतके छान बोलले, बाबा. सगळे स्ट्रॅटेजी, व्हिजन. कोणाचाच दूध शॉपला पोचला नसता.” ती थोडी हसली. “वाईट नाहीये तो कोर्स. जॉब बदलायचा असेल त्याला चांगला. मला माझा जॉब आवडतो.”

“मग अर्ज तरी का केलास?”

अनुयानं थालीपीठाचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही.

“गणपतीला पद्माकरकाकांनी तुम्हाला विचारलं, अनुया काय करते. तुम्ही म्हणालात कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि वडा घ्यायला गेलात. मी मागेच उभी होते.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “मला वाटलं, एमबीए छोटा वर्ड आहे. तुम्हाला सांगायला सोपा जाईल.”

श्रीकांतरावांनी जन्मभर माणसांना दुखू नये याची व्यवस्था केली होती. या दुखण्यावर त्यांच्याजवळ काही नव्हतं. आपण किती वडे खाल्ले असतील याचा विचार त्यांच्या मनातून जाईना.

“चुकलंच माझं,” शेवटी ते म्हणाले.

“इट्स ओके.”

“नाही, चुकलं.” मग त्यांनी विचारलं, “पण गुरुवारी नाही कळवलंस, तर आज एवढ्या लांब आलीस कशाला? फोनवर सांगायचं. मीटिंग रद्द केली असती.”

“म्हणूनच नाही सांगितलं.” अनुयानं काचेतून आत पाहिलं. आत राजीव लॅपटॉपला कुंपणाचे फोटो दाखवत होता. “दादाच्या तीन मीटिंग्ज झाल्या. बॉयलरचापण झाला. माझा कधीच नाही झाला. मला बघायचं होतं, तुम्ही सगळे बसून माझ्याबद्दल बोलता ते. काचेतून थोडं ऐकू येतं.”

“काय काय ऐकलंस?”

“स्टेकहोल्डर्स. आणि मी सँडविच खाऊन राहीन, ते.”

श्रीकांतराव उठले. गुडघे वाजले. दार सरकवून ते आत गेले आणि दार त्यांनी मागे उघडंच ठेवलं.

“मिळाली हिस्टरी?” राजीवनं विचारलं.

“अर्धी.”

“मग निर्णय देऊन टाका, श्रीकांतराव. माझं विचाराल तर नको. आता कुंपण.”

एक वाक्य बोललं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पेशंटनं गुरुवारीच नकार दिला आहे, केस बंद. पण बंद झालेल्या केसवर कोणी चर्चा करत नाही हे श्रीकांतरावांना ठाऊक होतं. त्यांनी ते वाक्य गिळलं.

“पेशंटला आत बोलावू या,” ते म्हणाले.

राजीवनं भुवया उंचावल्या. “पेशंट हजर नसतो. तुमचाच नियम आहे हा.”

“बॉयलर बोलत नव्हता. ही बोलते.”

सुलक्षणाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूची खुर्ची मोकळी केली. अनुया आपला कप घेऊन आत आली. लोणच्याच्या बरणीसकट अंबरीशला तिच्याकडे वळवण्यात आलं. सुलक्षणाबाई जरा पुढे झुकल्या आणि दवाखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला त्या जे विचारत, तेच त्यांनी विचारलं.

“बोल बाळा, काय होतंय?”

अनुयानं वडिलांकडे पाहिलं.

“आधी दुधाचं सांग,” श्रीकांतराव म्हणाले. “सगळं सांग. घाई नाही.”

“अहो, पण कुंपण?” राजीव म्हणाला. “मी मेडनहेडहून त्यासाठी आलोय. वारा सुटला तर ते आज पडेल.”

“पडू दे,” असं म्हणून श्रीकांतरावांनी आपली खुर्ची मुलीच्या जवळ ओढली.