न वाजणाऱ्या बांगड्या

माझ्या सुनेला, मादत्तीला, सातव्या महिन्यात बांगड्या भरल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात चिंचेचा भात ढवळत होते. बाहेर सवाष्णी एकेक करून तिच्या हातात काचेच्या बांगड्या चढवत होत्या. बाळंत होईपर्यंत त्या काढायच्या नाहीत, पोटातल्या बाळानं त्यांचा आवाज ऐकायचा, अशी आमच्याकडची रीत. तिथे विधवेचं काय काम? माझी विहीण पेच्चियम्मा गोड आवाजात म्हणाली, "विहीणबाई, जरा आत भाताकडे बघता का?" बघितलं. भात झकास झाला होता, कुणी तोंडानं म्हटलं नाही ती गोष्ट वेगळी.

मादत्ती माहेरी निघाली तेव्हा मी तिच्या हातात एक पिशवी दिली. तपासणीचे कागद, धुऊन धुऊन मऊ केलेली जुनी धोतरं, बाळाची झबली. रक्त द्यायला माझा भाचा तयार होता, रिक्षावाल्यालाही सांगून ठेवलं होतं.

"ही दाराशीच ठेव," मी म्हटलं. "कळा काही पंचांग बघून येत नाहीत. आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंगावरून पाणी गेलं, बाळ हलायचं कमी झालं, तर कुणाची वाट बघायची नाही. सरळ दवाखाना."

"अगं बाई, अशुभ कशाला बोलता!" पेच्चियम्मानं कानांवर हात ठेवले.

नववा लागला तशी मी अंबासमुद्रमला, तिच्या माहेरी, तिला भेटायला गेले. दारातच विहिणीचं कौतुक सुरू झालं. "बघा, माहेरचं तूप कसं अंगी लागलंय! बांगड्या हातात रुतायला लागल्यात पोरीच्या."

मादत्तीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. हातभर बांगड्या, आणि आवाज नाही. एकही बांगडी दुसरीवर वाजली नाही. तिच्या मनगटावर मी बोट दाबलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. चेहराही सुजलेला.

"डोकं दुखतंय का गं?"

"कालपासून, अत्तै. डोळ्यांपुढे ठिपके येतात. आई म्हणाली, झोप झाली नसेल."

"ऊठ. पिशवी कुठाय?"

पिशवी माळ्यावर होती. दाराशी ठेवली तर बाळ घाईनं येईल म्हणे!

"आत्ता नका हो जाऊ, राहुकाळ चालू आहे," पेच्चियम्मा आडवी आली.

"मग राहूला बसवा, कॉफी पाजा. आम्ही निघालो."

दवाखान्यात नर्सनं रक्तदाब बघितला आणि पुन्हा बघितला. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी काही लपवलं नाही. दाब फार चढलाय, झटका येऊ शकतो, आईला नि बाळाला दोघांनाही धोका आहे, ऑपरेशन लगेच करायला हवं. "आणि त्या बांगड्या आधी काढा. सूज वाढली तर हाताचं रक्त अडेल."

साबण लावला, तेल लावलं. बांगडी तसूभर हलेना.

"फोडाव्या लागतील," नर्स म्हणाली.

मादत्तीनं दोन्ही हात छातीशी आवळून धरले. "नाही! ते केळीचा ट्रक घेऊन घाटात आहेत. त्यांना काही झालं तर?"

बायकोच्या बांगड्या कधी फोडतात, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पेच्चियम्मा भिंतीला टेकून रडायला लागली. नर्स हात न लावता माझ्याकडे बघत राहिली. बरोबरच होतं. घाटातला मुलगा माझा होता, माझा एकुलता एक सुडलै.

मी सुनेजवळ बसले. "मादत्ती, इकडे बघ. तुझे सासरे गेले तेव्हा माझे दोन्ही हात भरलेले होते. एका बांगडीला तडा नव्हता. काय अडवलं त्या बांगड्यांनी?"

तिनं हात पुढे केला.

कापसाची घडी ठेवून मी एकेक बांगडी फोडली. तोंडानं नर्सला दरडावत होते, "नीट धर गं, कातडीला लागेल." आणि मनात, प्रत्येक बांगडीला, आमच्या कुलदेवाला म्हणत होते, सुडलैमाडा, तुझं नाव ठेवलंय पोराला, त्याला सांभाळ. भीती मला नव्हती असं कोण म्हणेल?

मुलगी झाली. मूठभर जीव, पण आवाज असा की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला. मादत्तीचा दाब उतरायला काही दिवस लागले, पण उतरला. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी सुडलै आला, धडधाकट, खांद्यावर केळीचा घड. "काय झालं अम्मा?" मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. तो जिवंत आहे याची मला खात्री करून घ्यायची होती.

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून हातात वेखंडाच्या तुकड्यांची पहिली बांगडी घालायचा दिवस आला. सवाष्णी जमल्या. मी सवयीनं उठून स्वयंपाकघराकडे निघाले.

"कुठे चाललात?" पेच्चियम्माचा आवाज. "भात बघायला मी आहे." तिनं ती इवलीशी बांगडी माझ्या तळहातावर ठेवली. मादत्तीनं लेकीची मूठ माझ्यापुढे धरली. "अत्तै, पहिली तुम्ही घाला."

घातली. डोळे भरून आले. वेखंड फार उग्र असतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.