हात शेकून

"काका, वाटेत तुम्ही तो डबा उघडला होतात का?" डॉक्टर ऋजुताने विचारलं.

हरिश्चंद्रचा चेहरा एकदम फुलला. हे कुणीतरी विचारावं म्हणून तो मुंबईहून आल्यापासून वाटच बघत होता.

"उघडला ना! आत ती निळी थंड पिशवी, केवढीशी! तेवढ्यावर मुंबई गाठायची? मी आदी आमच्या कारखान्यात गेलो. ताजा बर्फ फोडला, वर खडं मीठ मारलं आनि दाबून भरला. मीठ मारलं की गारवा कडक ऱ्हातो. लांबची सुरमई पाठवतो तसा. तिकडं उतरलो तरी बर्फ हाताला चावत व्हता."

ऋजुताने टेबलावरचं पेन उगाच उचललं आणि खाली ठेवलं. कौतुकाला एवढा वेळ लागत नाही, हे कळण्याइतका हरिश्चंद्र शहाणा होता.

"चुकलं काय?"

"काका, त्या डब्यातल्या बाटलीत काशीमावशींच्या छातीतलं पाणी होतं. त्या पाण्यात त्यांच्या गाठीच्या जिवंत पेशी होत्या. त्या थंड ठेवायच्या होत्या, पण गोठवायच्या नव्हत्या. मिठाने बर्फ फार गार होतो. सगळं गोठलं आणि पेशी फुटल्या. प्रयोगशाळेतून फोन आला होता. काहीच वाढलं नाही."

हरिश्चंद्रने आपल्या हातांकडे पाहिलं. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात लाद्या ओढून ओढून ते पांढुरके आणि जाड झाले होते. त्याचे सगळे भाऊ मंडणगडाहून मुंबईला गेले. हा मात्र रत्नागिरीला उतरला आणि इथेच राहिला. मुंबईची हवा मानवत नाही, असं तो सांगायचा. खरी गोष्ट अशी की बंदरावर काशीची खानावळ होती.

त्या खानावळीत खलाशी जेवायचे. पैसे नसले तरी काशी कुणाला उपाशी परत पाठवायची नाही, पण फुकटही जेवू द्यायची नाही. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने पाणी भरायचं नाहीतर भांडी घासायची. हरिश्चंद्र पहिल्या दिवशी रोख पैसे देऊनही न सांगता आपलं ताट घासून गेला आणि तिथेच काशीच्या मनात भरला. पुढे दोघांनी लग्न केलं.

जिने आयुष्यात विडीचा झुरका घेतला नाही, त्या काशीच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. रोजच्या एका गोळीवर वर्षभर ती चांगली हिंडलीफिरली. मग ती गोळी चालेनाशी झाली आणि छातीत पाणी भरू लागलं. ऋजुताने तेव्हाच तिला समजावलं होतं, की मुंबईच्या प्रयोगशाळेत अशा पेशी जेलीसारख्या थेंबात वाढवतात. पेशंटच्या गाठीच्या बारीक बारीक प्रतिकृतीच त्या. मग त्यांच्यावर वेगवेगळी औषधं लावून बघतात, गोळी का हरली ते शोधतात. तिने हेही स्पष्ट सांगितलं होतं, की याचा उपयोग मावशींना होईलच असं नाही. पुढच्या कुणाला तरी होईल.

काशी म्हणाली होती, "हा मेला माज्या छातीत बसून आयता खातोय. त्याला कामाला लावा." आणि तिने सही केली.

तेवढी एकच गोष्ट तिने आजारपणात मागितली होती. तीही आपण मीठ लावून मारली, असं हरिश्चंद्रला वाटलं.

"परत नाय व्हनार?" त्याने विचारलं.

"पाणी पुन्हा भरतंय. दम लागायला लागला की काढावंच लागेल. पण यातलं थोडं मुंबईला पाठवायचं तर मावशींना मी पुन्हा विचारणार. नको म्हणाल्या तर विषय संपला."

घरी आल्यावर तो आधी गॅसपाशी गेला. बर्फातून आलेले हात काशीला सहन होत नसत. "हात शेकून या, मग जवळ बसा," हे तिचं लग्नापासूनचं बोलणं. आता दम लागल्यामुळे ती ते म्हणत नसे, पण तो शेकायचा. हात ऊन झाल्यावर तो तिच्या कॉटवर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

काशी ऐकत राहिली. मग तिला हसू आलं आणि हसण्याबरोबर खोकला. त्याने तिची पाठ चोळली.

"माशासारकी बांधलात काय मला?" ती धापा टाकत म्हणाली. "जलमभर मासे भरून भरून डोकं पन बर्फाचं झालं तुमचं."

"गो, मला वाटलं तुजं चांगलं ऱ्हावं."

"तां ठावं हाय मला." आणि मग तिचा हात आपसूक पाठीकडे गेला. पाणी काढायला पाठीत सुई जाताना तिने मागच्या वेळी त्याच्या मनगटात नखं रुतवली होती. त्या सुईची तिला फार भीती वाटायची. तिचे डोळे भरलेले बघून हरिश्चंद्र रडायला लागला, अगदी हुंदके देऊन.

"रडताय काय पोरासारके? सुई तर तशी पन घ्यायचीच हाय. ह्या वक्ताला नीट न्या म्हंजे झालं."

पाणी काढायच्या दिवशी इस्पितळात गॅस कुठला? हरिश्चंद्रने कँटीनमधून चहा आणला, गरम ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभा राहिला आणि मगच काशीचा हात धरला. चहा तसाच राहिला. काशीने या वेळी नखं रुतवली नाहीत, पण हात सोडलाही नाही.

ऋजुताने डबा त्याच्यासमोर बंद केला. "दही फ्रिजमध्ये असतं तेवढंच थंड हवं, काका. याच्यात काही घालायचं नाही."

"देवाशपत नाय घालनार."

तो कारखान्याच्या वाटेलासुद्धा गेला नाही. आयुष्यभर बर्फाशी संसार केलेला माणूस सबंध प्रवासभर डबा मांडीवर घेऊन बसला. रोह्याच्या पुढे त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. निळी पिशवी वितळली असेल तर? झाकणाकडे गेलेला हात त्याने स्वतःच मागे ओढला.

प्रयोगशाळेत तेजस्वी नावाच्या मुलीने डबा उघडून आतला तापमापक पाहिला आणि ती हसली. "एकदम बरोबर आणलंत, काका."

"आता ही बाटली फ्रिजमदी ठेवनार?"

"नाही हो. थंडावा प्रवासापुरताच. आता या पेशींना ऊब लागते, आपल्या अंगात असते तेवढीच. आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाणं घालायचं."

ही बातमी घेऊन तो परतला आणि हात शेकून काशीजवळ बसला. "तिकडं चांगली ऊब हाय गो. जेवायला पन घालतात."

"परत आयतंच?" काशी पुटपुटली. "भांडी घासून घ्या म्हनावं."

गणपती यायच्या आधीच काशी गेली. जाताना तिला फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. हरिश्चंद्रला तो झालेला दिसला होता.

नवरात्रात तो कारखान्यात बर्फ फोडायच्या क्रशरवर असताना ऋजुताचा फोन आला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तो बाहेर धक्क्यावर आला.

"काका, मावशींच्या पेशी वाढल्या. छान वाढल्या. आजपासून त्यांच्यावर औषधं लावून बघतायत. निकालाला वेळ लागेल, पण सुरुवात झाली."

"म्हंजे लागला कामाला?"

"हो काका. लागला."

मालकाला सांगून तो लवकर निघाला. चालताना काशीला कसं सांगायचं हेच त्याच्या डोक्यात होतं. ती काय म्हणेल तेही त्याने ठरवून टाकलं होतं. घरात शिरला तो सवयीने सरळ गॅसपाशी. दोन्ही तळवे आचेवर धरले, उलटसुलट करून चांगले शेकले, गॅस बंद केला आणि वळला.

कॉटवर काशीची गोधडी घडी करून ठेवलेली होती. तो तिच्याजवळ बसला आणि हात निवायच्या आत त्याने ते गोधडीवर ठेवले.