तानीताईनं दाबलेलं बटण

मला राग पटकन येतो आणि आला की तोंडावर दिसतो. बोईसर एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात हे सगळ्यांना पाठ आहे. आम्ही गॅसगळतीचे अलार्म बनवतो. डब्यातल्या चिपचा प्रोग्राम मी लिहिते आणि शेवटच्या टेबलावर तानीताई बसते. डब्याच्या तोंडाला टेस्ट गॅसची टोपी लावायची, आकडा स्थिरावला की सेव्हचं बटण दाबायचं, बीप वाजली की पुढचा डबा घ्यायचा, हे तिचं काम. मनोरच्या पुढच्या पाड्यावरून ती रोज येते. सहा वर्षांत तिच्या हातचा एक डबा परत आला नव्हता.

त्या सोमवारी एकदम चौदा आले. एका केमिकल कंपनीनं महिन्याच्या तपासणीत गॅस लावून पाहिला, तर चौदाही डबे भलतेच आकडे दाखवत होते. आमच्याकडे उघडले तर तानीताईचं कॅलिबरेशन, म्हणजे तिनं त्या त्या डब्यापुरते जुळवून ठेवलेले आकडे, गायब, आणि प्रोग्राममधले ठोकळ आकडे चालू. आमचे मालक मनीष सर म्हणाले, "तिनं सेव्ह केलंच नाही." तेवढ्यावर न थांबता त्यांनी कंपनीला फोन करून ऑपरेटरची चूक म्हणून सांगूनही टाकलं. गुरुवारी त्या कंपनीचे सेफ्टी ऑफिसर येणार होते. तोवर तानीताईनं बटण दाबायला विसरले असं लिहून द्यायचं, मग तिला पॅकिंगला ठेवणार. नाही दिलं तर शुक्रवारपासून येऊ नकोस.

आणि मी काय केलं? तो माफीनामा मीच माझ्या अक्षरात लिहून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "ताई, सही कर आणि मोकळी हो. काम तरी राहील."

तिनं कागद हातातसुद्धा घेतला नाही. "मी बटन दाबलाय. नाय दाबला असा कसा लिवू? तू तुजा परोगराम बघ ना, बाय."

मला झोंबलं. माझा या वर्षीचा नवा प्रोग्राम सगळ्या टेस्ट पास झालेला होता. म्हटलं, बघतेच, आणि तुला दाखवतेच.

मंगळवारी तिच्याकडून तीन डबे कॅलिब्रेट करून घेतले. मी शेजारी उभी. टोपी, बटण, बीप, तिन्ही वेळा सगळं बिनचूक. मग मी ते डबे बंद केले, चालू केले, पन्नास वेळा. आकडे जागचे हलले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. तानीताई मात्र तिथंच उभी राहिली.

"इथं सांजला मेन स्विच बंद करतांव आमी," ती म्हणाली. "तिकडं कंपनीत कोन बंद करतो? तिकडं तर रातदिस चालू हाय."

आमच्या टेबलावर एकही डबा कधी सलग चोवीस तास चालला नव्हता. त्या संध्याकाळी मी वॉचमनला बजावून ते तीन डबे चालूच ठेवले. बुधवारी संध्याकाळी चोवीस तास भरल्यावर बंद करून पुन्हा चालू केले. तिन्ही डब्यांवर ठोकळ आकडे आले.

चोवीस तास झाले की माझा प्रोग्राम एकच नवीन गोष्ट करतो. डबा किती दिवस चालला ती संख्या तो चिपमध्ये लिहितो, आणि लिहितो कॅलिबरेशनची जागा जिथं संपते तिथून लगेच पुढं. ही जागा कुठं सुरू होते, कुठं संपते, ते लिंकर स्क्रिप्ट नावाच्या फाइलमध्ये ठरतं. तिथं मी शेवटाला एक नाव दिलं होतं. या नावात काहीच साठवलेलं नसतं, ते नुसता पत्ता असतं. म्हणून प्रोग्राममध्ये ते वापरताना त्याच्याआधी & हे चिन्ह लावायचं असतं, म्हणजे पत्ता मिळतो. ते विसरलं की प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन तिथं जे असेल ते उचलून आणतो. खोलीचा नंबर विचारावा आणि माणसानं दार उघडून आत किती जण आहेत ते सांगावं, तसं.

डबा चालू होताना कॅलिबरेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासायचं, अशी माझी ओळ होती. शेवटाच्या नावाआधी & नव्हतं. नव्या चिपमध्ये त्या जागी कोरेपणामुळं सगळ्यात मोठी संख्या असते, त्यामुळं तपासणी मी घातलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे पूर्ण कॅलिबरेशनभर, जायची आणि सगळं बरोबर निघायचं. दिवसांचा आकडा एक झाला की प्रोग्रामला वाटायचं, शेवट सुरुवातीच्या आधीच आला. मग तो काहीच न तपासता कॅलिबरेशन खराब ठरवायचा आणि ठोकळ आकडे घ्यायचा. कंपनीत डबे रात्रंदिवस चालू असले तरी मध्ये एकदा वीज गेली असणार, आणि परत चालू होताना हेच झालं. ओळीवर तारीख होती, माझं नाव होतं. तानीताईपुढं ठेवलेला कागद आठवून मला माझीच शिसारी आली.

गुरुवारी सकाळी मी मनीष सरांना सगळं सांगितलं.

"दुरुस्त कर आणि गप्प राहा," ते म्हणाले. "ऑपरेटर चुकला म्हटलं तर लोक सोडून देतात. प्रोग्राम चुकला म्हटलं तर आपला एकही डबा कोणी भिंतीवर ठेवणार नाही. बाकीची माणसं आहेत ना इथं, त्यांचा विचार कर."

"तानीताई त्यांच्यातच येते, सर. आणि याच प्रोग्रामचे डबे आणखी कुठं कुठं लागलेत. तिथं काय सांगणार, तिथंही तानीताई विसरली?" माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "ऑफिसर आले की मी सांगणार. मला काढायचं तर त्यानंतर काढा."

सेफ्टी ऑफिसर अकराला आले. मी त्यांना ओळ दाखवली आणि ती माझी आहे हे सांगितलं. मग तानीताईला बोलावलं. म्हटलं, "ताई, चूक माझी होती. तू बटण दाबलं होतंस. तुझे आकडे कुठं गेलेच नाहीत. तू ठेवलेस तिथंच आहेत, माझा प्रोग्राम ते बघत नव्हता." तिनं हात पुसले आणि टेस्ट गॅसची टोपी उचलली.

परत आलेल्या पहिल्या डब्यात मी दुरुस्त प्रोग्राम टाकला. सेव्हच्या बटणाला कोणी हात लावला नाही. तानीताईनं टोपी लावली. आकडा चढत गेला आणि बरोबर जिथं थांबायला हवा तिथं थांबला. दुसरा डबाही तसाच, आणि तिसराही. सातव्याला ऑफिसर म्हणाले, "बस, खात्री पटली. बाई बरोबर होत्या." त्यांनी वहीत तसं लिहूनही घेतलं.

मनीष सर घसा साफ करत म्हणाले, "झालं मग, तानी. उद्यापासून नेहमीसारखी टेबलावर ये."

तानीताई जागची हलली नाही. टोपी तिच्या हातातच होती.

"नाय सायेब," ती म्हणाली. "माज्या नावावर चौदा टाकलं ना तुमी? अजून सात हायत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आठव्या डब्याला वायर लावली.