पेंटरच्या धमन्या आणि ताईचं प्रेशर

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. लागण ताजी होती, गोळ्याही लगेच सुरू झाल्या. तरी तो घरात चोरासारखा वावरू लागला. पाण्याचा पेला वेगळा ठेवू लागला. शेवटी ताईने, त्याच्या थोरल्या बहिणीने, त्याला खिंडीत गाठलं. सगळं ऐकून घेतलं, थोडी रडली, आणि त्याच्याच पेल्यातून घटाघटा पाणी प्यायली.

"असं पसरत नाही हे, एवढं कळतं मला. नाटकं बंद कर!"

पुढच्या तपासणीला ती बरोबर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी विषाणू दबलाय. पण हा अगदी सुरुवातीपासून शरीरात आतून सूज आणतो. ती रक्तवाहिन्यांना बाधते, पुढे हृदयाला जड जातं. म्हणून धमन्या आत्ताच तपासून बघू."

पेंटरच्या हाताला पट्टा आवळला. हात बधिर झाल्यावर सोडला, तसं रक्त धावलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर धमनी रुंदावली, पण जेमतेम.

"निरोगी धमनी झटकन फुलते. ही जरा आळशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मालकावर गेलीय," ताई म्हणाली.

"सिगारेट ओढता?"

"धुराडं आहे नुसतं!" ताईने चुगली केली.

पेंटरचं डोकं सटकलं. "मॅडम, हिचं प्रेशर बघा एकदा!"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत ताईने ऐटीत हात पुढे केला. आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. प्रेशर चांगलंच चढलं होतं. ताईचा चेहरा खर्रकन उतरला, आणि पेंटर कित्येक दिवसांनी पोट धरून हसला.

त्या दिवसापासून त्याची सिगारेट बंद, तिचं मीठ कमी. रोज सकाळी दोघं भांडत भांडत नदीकाठाने चालायचे. मध्ये एकदा तो टपरीमागे धूर सोडताना सापडला. ताईने तिथेच, चारचौघांत, त्याचा कान पिळला.

काही महिन्यांनी पुन्हा पट्टा आवळला, सोडला. धमनी झकास उघडली. रक्ताच्या तपासणीत सूजही उतरताना दिसली.

"गोळी मात्र एकही चुकवायची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

पेंटरने मान डोलावली. बहिणीकडे वळून बघतो, तर बाही वर सारून ती केव्हाची तयार.

"त्याचं कौतुक पुरे. आता माझं मोजा!"