विटा आणि दोरी

दाभोळच्या शाळेत लांब दांड्याच्या शस्त्रांचं प्रदर्शन भरवायचं दमयंतीबाईंनी ठरवलं आणि त्यांच्या हरिश्चंद्रमामांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मामा तीस वर्षं बोटीवर होते. बंदर लागलं की बाकीचे खलाशी कुठे जात ते सांगण्यासारखं नाही. मामा मात्र संग्रहालयात जात, असं मामाच सांगत.

बांबू आणि तेलाच्या डब्यांचे पत्रे घेऊन त्यांनी तीन शस्त्रं बनवली. "ही जपानची नागिनाता. नावातच नागीण! हा चीनचा ग्वानदाव, म्हणजे सुरीची आजी. नि हा स्वित्झर्लंडचा हॅलबर्ड. कुऱ्हाड, भाला, आकडी, सगळं एकाच काठीला. काटकसरी लोक!" मग भाचीकडे तिरकं बघत म्हणाले, "आपल्याकडं काय गो? नारळ पाडायची काठी?"

बाईंना ते झोंबलं. "आपला विटा आहे! भाल्याला दोरी बांधलेली. फेकायचा आणि दोरीने परत ओढायचा."

"म्हणजे गरीच की!" मामा पोट धरून हसले.

आता खरा विटा मामांच्या नाकासमोर उभा करणं भागच होतं, नाहीतर म्हातारा जन्मभर गरी गरी करत बसला असता. शाळेचा जुना शिपाई केरू पोफळीला राहायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात बाईंनी त्याच्या घरी विटा पाहिला होता. त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली: 'शनिवारी शाळेत विटा घेऊन या. दोरी विसरू नका.'

शनिवारी प्रमुख पाहुणे आले तरी केरूचा पत्ता नाही. बाई चौथ्यांदा फाटकापर्यंत गेल्या, तेव्हा तो घामाघूम होऊन येताना दिसला. खांद्यावर काठी, दोन्ही टोकांना दोरीने बांधलेल्या सहा-सहा विटा.

"बाईनू, आमच्याकडं सगला जांभ्या दगडाचा चिरा. पोफलीत यक वीट गावंना, चिपलुनास्नं आणल्या. शालेत चूल घालताव काय?"

बाईंना रडू यायचंच बाकी होतं. मामा भिंतीला टेकून हसत होते. "अगो, फेक त्या नि दोरीनं वड बघू!"

केरूने ओझं उतरवलं आणि बाईंची नजर काठीवर गेली. टोकाला गंजलेलं पातं, खाली दोरी ओवायची कडी.

"केरू, ही काठी?"

"ही व्हय? लुगडी वालत घालायची. कावड गावली न्हाय म्हनून घेतली."

बाईंनी विटा रचल्या, मधोमध विटा रोवला आणि ठळक पाटी लावली: 'विटा'.

पाहुण्यांनी पाटी वाचली, खाली बघितलं आणि मान डोलावली. "बरोबर, विटाच आहेत. पण मध्ये ही काठी कसली?"

मामाच छाती काढून पुढे झाले.

"काठी काय म्हणता सायब? विटेवर उभा हाय, हात जोडा! आमचा विटा हाय तो!"